साकवाची मजुरी

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ओबडधोबड दगडांचे आणि जाड ओंडक्यांचे जे जुने पूल आढळतात, ते आज वारसा म्हणून जपले जातात. त्यांच्या रांगड्या सौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या मजुरीविषयी त्या मानाने थोडे. त्यांतील बरेचसे पूल महामंदीच्या काळात, 1933 ते 1942 या वर्षांत, बेकार तरुणांच्या सरकारी श्रमदलाने बांधले. तरुणाला महिना 30 डॉलर मिळत, त्यांतील 25 घरी धाडावे लागत. या अननुभवी पोरांना हाताशी धरण्यासाठी आसपासचे जाणते गवंडी आणि सुतार मुद्दाम पगारावर घेतले जात. पुलाचा देखणेपणा हा या व्यवस्थेचा परिणाम होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही नंदुरबार जिल्ह्यात नाही. ओंडक्यांवरून नाला ओलांडण्याची पाळी मात्र अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर दर पावसाळ्यात येते. शौकाने नव्हे, निरुपायाने. रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून नाल्यापार नेण्याच्या बातम्या तर आता वाचकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. त्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने नर्मदाकाठच्या 33 गावांना झळ पोहोचली आणि उतार मिळणाऱ्या नाल्यांच्या मुखाशी खोल पाणी साचले.

आता प्रश्न असा, की रोजगार हमीसारखी योजना ज्या राज्यात 1972 च्या दुष्काळात आकाराला आली आणि 1979 पासून कायद्याने लागू झाली, तेथे हे नाले बिनपुलाचे का राहावेत? उत्तराचा एक भाग हिशेबाच्या नियमात आहे. खर्चाचा निदान 60 टक्के वाटा अकुशल मजुरीचा असावा, असे बंधन होते. केंद्राच्या 2005 च्या कायद्यानेही कुशल कारागिराची मजुरी साहित्याच्याच 40 टक्क्यांत टाकली. हेतू उदात्त होता. ठेकेदार आणि यंत्रे दूर ठेवण्याचा. पण मातीकाम त्या चौकटीत चपखल बसले, पूल बसला नाही. गावातला दगड घडविणारा माणूस कागदावर सिमेंटच्या पोत्याच्या रांगेत जाऊन बसला!

कोकणात साकव हे जिल्हा नियोजनातले रुळलेले काम आहे. सातपुड्यात त्याचा वेगळा नमुना हवा : काठांवर पुराच्या रेषेवर नेलेले पक्के दगडी खांब आणि त्यांवर बदलता येणारी लाकडी वा बांबूची वाट. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज मानलेला आहे. ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूदही त्यात आहे. तेव्हा प्रत्येक वेळी जंगलाकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

अशा साकवावरून रुग्णवाहिका जाणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मोठ्या नद्यांवर काँक्रीटचे पूल लागतीलच. दुसरा आक्षेप लाकूड कुजते हा. दर दोन-चार वर्षांनी पुन्हा खर्च. अंदाजपत्रकाला असा आवर्ती खर्च नकोसा वाटतो. परंतु तो खर्च जातो कोठे, हे पाहिले तर ऊस तोडणीसाठी गुजरातेत उतरणाऱ्या कुटुंबांच्या गावातच तो मजुरीरूपाने राहतो. काँक्रीटच्या पुलाचा बहुतेक पैसा मालमोटारीतून आला तसाच घाटाखाली परत जातो.

थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांसाठी सिमेंटचे कठडे करून त्यांना लाकडाचा रंग देण्याची हौस अलीकडे फार दिसते. तोरणमाळच्या विकासाची चर्चा निघते तेव्हा हा मोह टाळलेला बरा. त्याऐवजी जिल्हा नियोजन समितीने पावसाळ्यापूर्वी ग्रामसभांकडून अडणाऱ्या नाल्यांची यादी मागवावी, आणि रोजगाराच्या योजनेत स्थानिक गवंड्याची व सुताराची मजुरी ही मजुरी म्हणूनच धरली जावी, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा.