एक ठेका, अनेक गळे

मुलांनो, स्नेहसंमेलन जवळ आलं की वर्गात एक तक्रार हमखास येते. "बाई, त्यांनी आमच्या गाण्याचा ठेका चोरला!" ठेका खरंच चोरता येतो का? चला, आज जरा लांब जाऊन बघू या.

वेस्ट इंडीजमधलं जमैका तुम्हांला क्रिकेटमुळे ठाऊक असेलच. तिथे 'डान्सहॉल' नावाचं संगीत आहे. त्यात ड्रम आणि बास यांचा ठेका आधी तयार करतात. त्याला म्हणतात 'रिडिम'. मग त्या एकाच रिडिमवर निरनिराळे गायक आपापले शब्द गातात.

१९८५ च्या सुमारास तिथल्या किंग्स्टन शहरात वेन स्मिथ हा गायक आणि त्याचा मित्र नोएल डेव्ही एका छोट्या कॅसिओ की-बोर्डशी खेळत होते. त्यात बटण दाबलं की आपोआप वाजणारा एक ठेका होता. निर्माता किंग जॅमी याने त्याची लय संथ केली आणि 'स्लेंग टेंग' रिडिम तयार झाला. त्यावर वेन स्मिथ गायला, टेनर सॉ गायला, जॉनी ऑसबोर्न गायला. पुढे तर शेकडो गाणी झाली!

आता गंमत ऐका. की-बोर्डमधला तो मूळ ठेका बांधला होता जपानच्या ओकुदा हिरोको या तरुणीने. ती कॅसिओ कंपनीत नोकरीला होती. जग तिच्या ठेक्यावर नाचत होतं, पण तिचं नाव मात्र कितीतरी वर्षं फारसं कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याकडेही असंच झालं आहे बरं का! १९६२ नंतर आपल्या वागळे इस्टेटमध्ये कारखाने आले आणि कामासाठी गावोगावची माणसं इथे राहायला आली. त्यांच्या आया-आज्या गावी पहाटे उठून जात्यावर दळायच्या. जात्याची घरघर हाच त्यांचा ठेका. त्यावर कुणी माहेराची ओवी गाई, कुणी भावाची, कुणी विठोबाची. ठेका सगळ्यांचा, शब्द जिचे तिचे. पण गाणारीचं नाव कोण लिहून ठेवणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह ते काम केलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून त्यांनी एक लाखावर ओव्या जमवल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव यांचीही नोंद ठेवली.

म्हणून सांगते, दुसऱ्याचा ठेका घेतला म्हणजे लगेच चोरी होत नाही. त्यात आपलं काही घालावं, आणि तो कुणाकडून घेतला हे मोकळेपणाने सांगावं. नाव लपवलं, तर मात्र ती तक्रार खरी!

या रविवारी एक काम करा. आजीला, नाहीतर शेजारच्या आजींना एक ओवी म्हणायला सांगा. वहीत उतरवून घ्या. आई-बाबांनो, तुम्हीही शेजारी बसून ऐका. ओवीखाली आजीचं पूर्ण नाव आणि गाव लिहायचं, नुसतं 'आजी' नाही हं! मग त्याच ठेक्यावर स्वतःची एक ओवी रचा आणि तिच्याखाली तुमचं नाव लिहा. लिहाल ना?