विश्वासाचा लिलाव

१९९५ साली पियरे ओमिदयार या संगणक-अभियंत्याने अमेरिकेत 'ऑक्शनवेब' नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे 'ईबे' या नावाने जगभर पसरलेल्या त्या बाजारात आरंभी विकली गेलेली एक वस्तू म्हणजे चक्क मोडका लेसर पॉइंटर! त्याला १४ डॉलर ८३ सेंट एवढी बोली लागली. वस्तू मोडकी आहे हे आपणांस ठाऊक आहे ना, अशी विचारणा ओमिदयार यांनी स्वतःहून खरेदीदाराकडे केली. आपण मोडक्या पॉइंटरांचाच संग्रह करतो, असे उत्तर आले आणि सौदा पुरा झाला. कधी न भेटलेली दोन माणसे, मध्ये शेकडो मैलांचे अंतर, आणि तरीही विकणारा आपल्या वस्तूतील दोष आधी सांगतो! ऑनलाइन लिलावाची सारी इमारत या एका गोष्टीवर उभी राहिली. १९९६ मध्ये खरेदीदार व विक्रेता यांनी परस्परांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय झाली, तीही विश्वासाचा हिशेब चारचौघांत मांडता यावा म्हणूनच.

आज याच विश्वासाला गिफ्ट कार्डाच्या रूपाने कीड लागली आहे.

आवळा देऊन कोहळा

या फसवणुकीचा साचा आता ठरून गेला आहे. लिलावाच्या संकेतस्थळावर एखादी जुनी मोटारगाडी बाजारभावाच्या निम्म्या किमतीत दिसते. विक्रेता सांगतो, 'सैन्यात आहे, परदेशी बदली झाली'; किंवा 'घरात मृत्यू झाला, गाडी डोळ्यांसमोर नको'. स्वस्ताईला असे करुण कारण मिळाले की ग्राहकाच्या मनातील शंका विरघळते. मग विक्रेता बोलणे हळूच संकेतस्थळाबाहेर, खासगी ई-मेलवर नेतो. तेथे कंपनीचे बोधचिन्ह असलेले बनावट देयक येते, 'खरेदीला संरक्षण आहे' असे आश्वासन येते आणि शेवटी मागणी येते की जवळच्या दुकानातून ईबेची गिफ्ट कार्डे घ्या, मागील पट्टी खरवडा आणि आकडे फोनवर वाचून दाखवा. कार्डावर नाव संकेतस्थळाचेच असल्याने पैसा कंपनीकडेच जातो आहे, असे ग्राहकाला वाटते. खरी गोम येथेच आहे.

गिफ्ट कार्डाचा आकडा हीच त्यातील रक्कम असते. आकडा ज्याच्या हाती, पैसा त्याचा. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशाविषयी बँकेकडे तक्रार करता येते, व्यवहार उलटविण्याची मागणी करता येते. गिफ्ट कार्डाचे तसे नाही. आकडे सांगितल्यापासून काही मिनिटांत कार्ड रिकामे होते, आणि घेणारा कोण, कोठला, याचा मागमूस राहत नाही. संकेतस्थळाचे खरेदी-संरक्षणही त्यावरच सुरू होऊन त्यावरच पूर्ण झालेल्या व्यवहाराला असते. तटबंदी कितीही मजबूत असली तरी वेशीबाहेर गेलेल्याचे रक्षण ती कसे करणार?

फसवणुकीची दुसरी तऱ्हा याहून सौम्य दिसते. येथे लिलावात गिफ्ट कार्डच विकायला असते. १०० डॉलरचे कार्ड ७० डॉलरला! खरेदीदार शिल्लक तपासतो, ती पूर्ण भरते, तो समाधानाने चांगला अभिप्राय नोंदवितो. परंतु आकडे विक्रेत्याकडेही असतात. चार दिवसांनी कार्ड वापरायला जावे तो त्यात छदामही उरलेला नसतो. कधी ते चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेले असते आणि चोरी उघड होताच बाद ठरते. अशा वेळी प्रामाणिक खरेदीदाराच्या हाती प्लॅस्टिकचा तुकडा तेवढा राहतो.

दोष केवळ लोभाचा नव्हे

अशी प्रकरणे कानावर आली की 'लोभाचे फळ' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोयीची असली तरी न्याय्य नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२१ च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ४० हजार लोकांनी गिफ्ट कार्डाद्वारे १४.८ कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी नोंदविल्या. लिलावातील सौद्यांबरोबरच खोट्या सरकारी धमक्या आणि नातेवाईक संकटात असल्याचे बनावट फोनही त्यांत आले. एवढी सारी माणसे लोभी आणि मूर्ख होती, असे मानायचे काय? परदेशी नव्याने पोहोचलेला मराठी विद्यार्थी पहिली जुनी गाडी शोधतो, ती गरजेपोटी. त्याची गरज हेरणाऱ्याचे पाप त्याच्या माथी मारणे अनुचित आहे.

जबाबदारीत कार्ड काढणाऱ्या कंपन्यांचा आणि ती विकणाऱ्या दुकानांचाही वाटा आहे. एखादी वृद्ध व्यक्ती एका वेळी मोठ्या रकमेची कार्डे घेते, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने 'कोणी फोनवरून सांगितले का?' एवढे विचारले तरी अनेक घरे वाचतील. मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कायदा करून गिफ्ट कार्डांचे वेष्टन छेडछाड उघड होईल असे सुरक्षित असावे आणि दुकानातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, अशी व्यवस्था केली. इतरांनीही हा मार्ग धरावयास हवा. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या निर्देशांत गिफ्ट कार्डाला १० हजार रुपयांची मर्यादा घातली, पुन्हा रक्कम भरण्यास आणि रोख काढण्यास मनाई केली. यामुळे एका कार्डातील हानी मर्यादित राहते. मात्र एकामागून एक कार्डे घ्यायला लावणाऱ्यापुढे ही मर्यादा अपुरी पडते.

आपल्या अंगणातील लाज

हा रोग दूरदेशीचा म्हणून महाराष्ट्राला नामानिराळे राहता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणी तेथे आढळले. अमेरिकी करअधिकारी असल्याची बतावणी करून, अटकेचा धाक घालून, तेथील नागरिकांकडून पैसे उकळले जात होते. आणि त्या वसुलीचे एक साधन होते गिफ्ट कार्ड! तेथे लिलाव नव्हता, पण फोनवर आकडे वाचून घेण्याची युक्ती तीच होती. अहमदाबादेतील अशाच कॉल सेंटरांशी निगडित खटल्यात २०१८ च्या जुलैत अमेरिकी न्यायालयाने २१ जणांना शिक्षा ठोठावल्या, त्यांतील सर्वांत मोठी २० वर्षांची होती. सुशिक्षित मुलांची इंग्रजी परक्या वृद्धांच्या पुंजीवर डल्ला मारण्यासाठी वापरली जावी, याहून अधिक लाजिरवाणे ते काय? देशाची पत अशा एकेका फोनने खर्ची पडते.

आहेराचे पाकीट

उपाय सोपा आहे, पाळण्याचा निर्धार मात्र हवा. लिलावातील वस्तूचे मोल संकेतस्थळाने ठरवून दिलेल्या मार्गानेच द्यावे. बोलणे बाहेर नेऊ पाहणारा विक्रेता दिसताच सौदा सोडावा. गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि कागदपत्रे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गिफ्ट कार्ड हवेच असेल तर ते काढणाऱ्या कंपनीकडून किंवा खात्रीच्या दुकानातून, वेष्टन नीट पाहून घ्यावे. पावती आणि कार्ड जपून ठेवावे. फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नये. कार्डाच्या कंपनीला तत्काळ कळवून उरलेली रक्कम गोठविण्यास सांगावे. भारतात १९३० या क्रमांकावर आणि अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करावी. येथे एकेका मिनिटाला मोल आहे.

आपल्याकडे लग्नामुंजीत आहेराचे पाकीट देण्याची चाल आहे. ते प्रेमाने द्यायचे असते. त्याने कोणी घराचा वा गाडीचा सौदा करीत नाही, आणि एखाद्या विक्रेत्याने किंमत आहेराच्या पाकिटात मागितली तर खेड्यातील निरक्षर आजीही त्याला दारातूनच परत पाठवील. गिफ्ट कार्ड हे त्याच पाकिटाचे आजचे रूप. ते भेट म्हणूनच द्यावे. किंमत म्हणून जो ते मागतो, त्याचा हेतू त्या मागणीतच उघड झालेला असतो.