तान्ह्या पोळ्याचा बैल गावच्या वाढयाकडूनच घ्या

शेतकरी बंधूंनो, पोळ्याला अजून दीड-दोन महिने आहेत. डवरणी, फवारणी सोडून कृषी खात्याचा माणूस लाकडी बैलावर काय लिहायला बसला, असे तुम्ही म्हणाल. पण हे आत्ताच सांगणे भाग आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

मागच्या वर्षी मी पुतण्यासाठी बाजारातून लाकडी बैल आणला. दिसायला झकपक, शेंदरी-हिरवा रंग. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिसऱ्याच घरी बोजारा घेताना चाक निखळले. महिनाभरात पाठीला चीर पडली आणि पोराच्या तोंडाला हिरवा रंग लागलेला दिसला, तेव्हा वहिनीने बैल माळ्यावर टाकला. ओल्या लाकडाचा होता, दुसरे काय. पैसे मात्र वाळलेल्या लाकडाचे मोजले होते.

आपल्या विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केल्याचे सांगतात. जनावरांची ओळख लहानपणीच व्हावी, एवढाच त्यातला साधा हेतू. आता तर राजूरसारख्या गावात, जिथे एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला चुनाभट्ट्या आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस, तिथे पुष्कळ घरांत दावणीला बैल नाही. त्या घरच्या पोराला बैल भेटतो तो लाकडाचाच. मग तो तरी धड असावा की नाही?

धड बैल करणारा माणूस गावातच बसला आहे. ज्या वाढयाने तुमच्या वडिलांची बंडी बांधली, वखर भरला, तिफण करून दिली, त्याला आज तुम्ही काय काम देता? नांगर लोखंडाचा झाला, बंडीला टायर आले, पेरणीला ट्रॅक्टर आला. माझ्या भागातला एक म्हातारा वाढई सांगत होता की आता त्याच्या वाट्याला खुर्चीचे पाय जोडणे आणि पलंगाच्या पाट्या ठोकणे एवढेच येते. पोरगा त्याचा खाणीत रोजंदारीवर जातो. वाकस आणि पटाशी घरात आहेत, पण धरणारा हात त्याच्यानंतर राहणार नाही.

महाग पडेल, ही तुमची पहिली शंका. महाग पडते ते लाकूड, आणि ते तुमच्याच गोठ्यामागे पडून आहे. मोडक्या बंडीची दांडी, जुने जू, वखराचे खोड पाहा. वीस-तीस वर्षे उन्हापावसात मुरलेले सागवान तुम्ही चुलीत घालता! ते वाढयाला न्या. खिळे आधी काढा, नाहीतर त्याच्या करवतीचे दात जातील. वाळवी लागलेले, भुसा पडणारे नको. आणि एकट्याने जाऊ नका. दहा-बारा घरांनी मिळून सांगितले तर चाके आणि पाट्या तो एका बैठकीत कापतो, मजुरी कमी पडते. फक्त धुऱ्यावरचा साग किंवा हळदू यासाठी तोडायला जाऊ नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत ती झाडे आहेत, परवानगी लागते.

करून घेताना एवढे पाहा. शिंगे आणि कान एकाच ठोकळ्यातून कोरलेले, टोके बोथट. डिंकाने चिकटवलेले शिंग सुटते आणि रांगते पोर ते तोंडात घालते. कडा घासकागदाने घासून घ्या, हात फिरवला तर कूस लागू नये.

रंगाचे मात्र फार जपा. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा २०१६ चा केंद्राचा नियम आहे. पण तो कारखानी रंगाला लागू नाही. ट्रॉली रंगवून उरलेला डबा म्हणूनच बैलाला वापरू नका. शिसे पोरांच्या मेंदूला बाधते. माझे मत विचाराल तर रंगच नको, घाण्याचे जवसाचे तेल दोनदा पुसून आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल नको, त्यात लवकर सुकावे म्हणून धातूची द्रव्ये घालतात. आणि हो, तेलाची चिंधी कापसाच्या ढिगाजवळ फेकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून अंगणात पसरा.

कमी पैशात चांगले खेळणे करणारे गाव आपल्यापासून फार लांब नाही. पांढरकवड्याहून आदिलाबादमार्गे सरळ गेले की निर्मल लागते. तिथे पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी करतात. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडाची होतात, तो आपल्या जंगलातला काळा कुडाच. म्हणजे झाड आपल्याकडे आहे, हातही आहे, ऑर्डर नाही.

आता सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या साहेबांना दोन शब्द. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतारही आहे आणि पारंपरिक खेळणी करणाराही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. पण अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. तुमच्याकडे असा अर्ज पडून असेल तर आज उघडा. दुसरे, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, मात्र हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिराच्या मालाला त्यातून सूट आहे. वाढयाला बाजारात बैल विकायचे असतील तर ही नोंदणी करून घ्यायला त्याला मदत करा. बिचाऱ्याला कागद कुठे माहीत!

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अंगणवाडीसाठी चार बैल आणि एक लहानशी बंडी त्यातून घेता येईल का, हे पुढच्या मासिक सभेत विचारून पाहा. सभेला त्या वाढयालाही बोलवा, आणि गोठ्यामागचे जू सोबत घेऊन या.