समाईक दफ्तर, असमान लेखणी

आखाती देशांतील आलिशान विक्रीसंकुले आपल्याकडील बहुसंख्य वाचकांना छायाचित्रांतून वा तेथे नोकरीस गेलेल्या नातलगांच्या वर्णनांतून परिचित आहेत. दुबई मॉल ४ नोव्हेंबर २००८ रोजी खुला झाला, तेव्हा त्याच्या विस्ताराची आणि तेथील प्रचंड मत्स्यालयाची चर्चा जगभर झाली. त्याची मालकी दुबईच्या एमार कंपनीची, आराखडा सिंगापूरच्या डीपी आर्किटेक्ट्सचा. अशा बांधकामांवर राबणारे मजूर मात्र बहुतांशी भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ येथील असतात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या माणसांनी एकच इमारत बांधावयाची, तर त्यांच्यात एखादे समाईक दफ्तर हवे. ते काम आता संगणकावरील सॉफ्टवेअर करू लागले आहे.

या कामाचे स्वरूप ध्यानी घेण्याजोगे आहे. गाळा संकुलाच्या मालकाचा; दुकान चालविणारी कंपनी पॅरिसची वा मिलानची. गाळा उघड्या भिंतींनिशी ताब्यात मिळतो आणि आतील सजावटीच्या प्रत्येक नकाशाला मालकाची मंजुरी लागते. संगमरवर एका देशातून येतो, लाकूडकाम दुसऱ्या, तर दिवे तिसऱ्याच देशातून. उद्‌घाटनाची तारीख मात्र विक्रीचा हंगाम पाहून आधीच ठरलेली असते. पूर्वी सुधारलेला नकाशा जागेवर पोहोचेपर्यंत जुन्या नकाशाबरहुकूम भिंत उभी राहिलेली असे. आता सर्व संबंधित एकाच त्रिमितीय प्रतिरूपावर काम करतात. वातानुकूलनाची नळी तुळईला आडवी जात असेल, तर तो घोटाळा छिन्नी हातात घेण्यापूर्वीच पडद्यावर उघडकीस येतो.

या पद्धतीला नियमांचेही पाठबळ मिळाले आहे. दुबई नगरपालिकेने २०१३ च्या अखेरीस परिपत्रक काढून मोठ्या व उंच इमारतींसाठी असे प्रतिरूप सक्तीचे केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाने प्रत्येक माहितीपत्राच्या चार अवस्था सांगितल्या: काम चालू असलेले, इतरांच्या विचारार्थ ठेवलेले, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेले आणि जतन केलेले. कचेरीत मसुदा, टिप्पणी, मंजुरी आणि अभिलेख या पायऱ्यांवर ज्यांची हयात गेली, त्यांना यात नवे काही वाटू नये. कोणी, केव्हा, काय बदलले आणि कोणी त्यास मान्यता दिली, याची नोंद येथे राहते. म्हणूनच या साधनाचे खरे मोल गतीत नसून उत्तरदायित्वात आहे. जाहिरात मात्र गतीचीच होते.

उत्तरदायित्वाची किंमत काय असते, हे दोन दुर्घटनांनी दाखवून दिले आहे. कतारची राजधानी दोहा येथील व्हिलाजिओ मॉलला २८ मे २०१२ रोजी आग लागली. संकुलातील पाळणाघरात अडकलेल्या १३ बालकांसह १९ जण मृत्युमुखी पडले; मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी अग्निशामक दलाला छप्पर फोडावे लागले. त्यानंतर पाच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीतील आगीने ७२ बळी घेतले. त्यानंतर नेमलेल्या ज्यूडिथ हॅकिट यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात असा आग्रह धरला की, इमारतीत काय वापरले आणि तो निर्णय कोणाचा, याची अखंड संगणकीय नोंद इमारत उभी असेतोवर जपली पाहिजे. २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने उंच निवासी इमारतींपुरते ते तत्त्व स्वीकारले. उद्‌घाटनाच्या फितीबरोबर दफ्तरही बंद करून चालत नाही, हाच याचा अर्थ.

परंतु या दफ्तरात लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न उरतोच. सॉफ्टवेअरला ‘सामूहिक’ म्हटले, तरी त्यातील प्रत्येकाचा अधिकार हुद्द्याप्रमाणे ठरविता येतो: कोणी मंजुरी द्यावी, कोणी केवळ पाहावे, कोणाला प्रवेशच नसावा. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून परदेशी इमारतींची प्रतिरूपे तयार करणारे शेकडो तरुण आज आहेत. नळी कोठे अडते, हे प्रथम त्यांना दिसते. पण ती हलवावयाची की नाही, हे ठरविणारे अन्यत्र असतात. जागेवरच्या मजुराची स्थिती तर याहून वेगळी आहे. संगमरवराच्या एकेका लादीला क्रमांक असतो, मजूर मात्र दैनंदिन अहवालात बहुधा संख्येनेच येतो: आज इतके हजर. उद्‌घाटनाची तारीख आठवडाभर अलीकडे ओढली, तर तो बदल क्षणार्धात सर्व पडद्यांवर उमटतो. त्या आठवड्याची भरपाई कोणाच्या रात्रपाळीने झाली, हे कोणत्याच पडद्यावर दिसत नाही.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असे मुळीच नाही. संयुक्त अरब अमिरातीने २००९ पासून खाजगी क्षेत्रातील वेतन सरकारी देखरेखीखाली बँकांमार्फत देण्याची व्यवस्था केली. तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. पगार मिळाला की नाही, हे सरकारला पाहता येते. मग कामाचे तास, विश्रांती आणि सुरक्षिततेच्या तक्रारी बांधकामाच्या दफ्तरात का येऊ नयेत?

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, प्रत्येकाच्या हाती लेखणी दिली तर गोंधळ माजेल आणि कंपन्यांची गुपितेही उघडी पडतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. तथापि नकाशा बदलण्याचा अधिकार आणि धोका नोंदविण्याचा अधिकार या भिन्न गोष्टी होत. पहिला मोजक्यांकडे असावा. दुसरा गवंड्यापासून नकाशानविसापर्यंत सर्वांना, त्यांच्या भाषेत हवा. अशा नोंदीस लेखी उत्तर मिळाल्यावाचून नकाशा ‘मंजूर’ होऊ नये, एवढा एकच नियम कंत्राटात घातला तरी पुष्कळ साधेल.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचेही यात कर्तव्य आहे. सॉफ्टवेअरच्या आज्ञा चार महिन्यांत शिकता येतात आणि चार वर्षांत जुन्याही होतात. आपल्या नावाने झालेल्या नोंदीचा अर्थ काय आणि आक्षेप केव्हा लेखी द्यावा, हे शिक्षण मात्र जन्मभर पुरते. आज जगातील बड्या इमारतींची रेखाटने आपल्या मुलांच्या हातून होत आहेत. त्या दफ्तरात त्यांचे मतही उमटू लागेल, तेव्हाच त्याला समाईक म्हणता येईल.