टास्कबार डावीकडं ठेवू द्या की!

मंडळी, आज निवडणूक आणि खड्डे दोन्ही बाजूला ठेवा. आज कॉम्प्युटरवर बोलायचंय, आणि जरा रागानंच.

राजारामपुरी ते महाद्वार रोड, कुठल्याही डीटीपीवाल्याच्या खुर्चीमागं दहा मिनिटं उभं राहून बघा. लग्नसराईत एका वेळी दहा-बारा फाइली उघड्या असतात. पाटलांची पत्रिका, सोसायटीचा अहवाल, कुणाच्या तरी वाढदिवसाचा डिजिटल फलक. मीही हेच काम करतो. आमचा कागद उभा, स्क्रीन मात्र आडवी. म्हणून आमच्यातली काही मंडळी खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, डावीकडं उभी लावायची. पानाला उंचीत जागा मिळते आणि फाइलींची नावं एकाखाली एक वाचता येतात. विंडोज ९५ पासून ही सोय होती.

५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि सोय गेली. पट्टी खालीच. वर फाइलींची नावंही गायब, एका प्रोग्रामला एकच चिन्ह. (नावं २०२३ मध्ये परत आणली. म्हणजे ओरडणारे अगदीच येडे नव्हते.) पट्टी हलवणारे थोडे आणि त्यासाठीचं काम मोठं, असं कारण कंपनीच्या लोकांनी २०२२ मध्ये दिलं.

कारण अगदीच फालतू नाही. एक सोय वाढली की तपासणीही वाढते. आमच्याकडं बदली ऑपरेटर आला की दुसऱ्यानं मांडलेल्या मशीनवर त्याचा पहिला तास नुसता शोधण्यात जातो. नवशिक्याला सगळीकडं सारखी स्क्रीनच बरी.

पण मर्दा, नवशिका किती दिवस नवशिका राहतोय? आणि हे जे ‘थोडे’ आहेत, ते दिवसाचे दहा तास त्या स्क्रीनसमोर बसतात. तुम्ही डोकी मोजली, तास कुणी मोजायचे? पुण्याच्या श्री-लिपीत टाइपरायटरचा कीबोर्ड घ्यायचा की इन्स्क्रिप्ट, हे ऑपरेटर ठरवतो. बोटं ज्यावर बसलीत ते त्याला मिळतं.

‘जुनंच वापरा’ म्हणणाऱ्यांना सांगतो, विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन मशीन घेतलं की ११ च पदरात पडतं.

सुरुवातीला पट्टी खाली द्या, खुशाल द्या. हलवायची सोय सेटिंगमध्ये कुठंतरी आत दडवून ठेवा, आम्ही शोधून काढू. तुमची कुठली सोय अशी गेलीय? खाली लिहा.