कागदावरचे लाख रुपये



या अंकाची जुळवाजुळव चालली होती, तेव्हा एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलं. चौदा जणींचा बचत गट आहे. तिघी शिक्षिका, एक नर्स, एक पतपेढीत कारकून, दोघी खानावळ चालवणाऱ्या, बाकीच्या शिवणकाम, दुकान, घर असं सगळं ओढणाऱ्या. त्यांनी ठरवलंय की गुढी पाडव्यापासून वर्षभराचा एक खेळ खेळायचा. प्रत्येकीने कागदावर एक लाख रुपये घ्यायचे, खरे नव्हेत. त्यातून पाच कंपन्यांचे शेअर्स निवडायचे, भाव वहीत लिहायचा आणि पुढच्या पाडव्याला हिशोब करायचा. जिचे लाख सगळ्यात जास्त वाढतील तिला बाकी तेरा जणींनी मिळून साडी घ्यायची.

इथवर सगळं हसतखेळत होतं. मग एकीने शंका काढली की हा सट्टाच झाला, बायकांच्या गटाने यात पडावं का? आणि दुसरीने त्याच्या अगदी उलट सुचवलं. वर्ष संपल्यावर गटाच्या खात्यात शिल्लक असलेले चाळीस हजार पहिल्या येणारीने निवडलेल्या पाच कंपन्यांत खरोखरच गुंतवू या. यावर बैठकीत बरीच वादावादी झाली आणि आमचं मत विचारायचं ठरलं.

मत एका ओळीत सांगता येईल. खेळा जरूर, पण त्या चाळीस हजारांना हात लावू नका. मात्र एका ओळीने भागणार नाही. पैसा, धाडस आणि बाईची हुशारी यांबद्दलचे आपले बरेच समज या एवढ्याशा खेळात अडकलेले आहेत.

सट्ट्याची शंका घेणाऱ्या मैत्रिणीला हसण्यावारी नेऊ नका. आकड्याच्या नादाने उघड्यावर आलेली घरं आपण वस्त्यांमधून पाहिली आहेत. आता तो नाद मोबाइलवर आला आहे आणि इंग्रजी बोलतो, म्हणून प्रतिष्ठित वाटतो इतकंच. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. त्यासाठी कितीजणींचे दागिने गहाण पडले, ते सेबी मोजत नाही.

पण एखाद्या कंपनीचा शेअर घेऊन वर्षभर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. तो त्या धंद्यातला बारीकसा मालकी हिस्सा असतो. आणि बाजाराशी आपला संबंध नाही असं म्हणायची सोयही आता राहिलेली नाही. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीत जमा होणाऱ्या नव्या पैशांचा काही भाग शेअर बाजारात जातो. नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांच्या पेन्शनसाठी साठणाऱ्या पैशांचंही तसंच. म्हणजे गटातली कुणी ना कुणी न विचारता बाजारात जाऊन पोचली असणार. जिथे आपला पैसा आहे तिथे काय चालतं ते आपल्याला कळलं पाहिजे, आणि ते शिकायला खोटे लाख रुपये चांगले.

न कळण्याची सवय आपल्याला लावली गेली आहे. मुंबईच्या शेअर दलालांनी संघटना बांधली १८७५ साली. न्यूयॉर्कच्या बाजारात पहिल्या बाईला स्वतःची जागा विकत घेता आली १९६७ मध्ये. लंडनच्या बाजाराने बायकांना सदस्यत्व दिलं १९७३ मध्ये. ही झाली मोठ्या बाजारांची गोष्ट. घरात काय आहे? आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला आम्ही विचारतो, तुझ्या नावावर काय काय आहे? पुष्कळ वेळा उत्तर येतं, ते ह्यांना माहीत. मग कागद काढल्यावर कळतं की तिच्या नावाचं डीमॅट खातंही आहे. नव्या शेअर्ससाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज करता यावा म्हणून ते उघडलेलं असतं. पॅन तिचा, सही तिची, आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी त्याच्याकडे जातो. या बाईने वर्षभर नुसती वही जरी लिहिली, तरी एक दिवस ती आपल्या खात्यात काय आहे ते विचारेल. चौदा जणींच्या खेळाला आमचा पाठिंबा आहे तो मुख्यतः यासाठी.

आता चाळीस हजारांविषयी. इथे आम्हाला अमेरिकेतल्या एका गटाची गोष्ट सविस्तर सांगायची आहे. इलिनॉय राज्यात बीअर्ड्सटाउन नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या काही बायकांनी १९८३ मध्ये गुंतवणुकीचा गट काढला. बहुतेकजणी प्रौढ, कुणी निवृत्त. महिन्याला २५ डॉलर वर्गणी काढायच्या, एकत्र बसून कंपन्यांची माहिती वाचायच्या, मत घ्यायच्या, शेअर्स घ्यायच्या. आपल्या गटांच्या बैठकीहून फार वेगळं काही नाही. त्यांनी १९८४ ते १९९३ या दहा वर्षांत दरसाल सरासरी २३.४ टक्के लाभ मिळवल्याचं जाहीर झालं. नावाजलेल्या तज्ज्ञांना जमलं नाही ते या आज्ज्यांनी करून दाखवलं म्हणून त्या टीव्हीवर झळकल्या. त्यांच्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. त्यात गुंतवणुकीच्या सल्ल्याबरोबर पाककृतीसुद्धा होत्या. बाईने पैशाबद्दल बोलायचं तर जोडीला पदार्थ द्यावाच लागतो, असं प्रकाशकांना वाटत असावं.

१९९८ मध्ये ‘शिकागो’ मासिकाने दाखवून दिलं की लाभाच्या आकड्यात बायकांनी दरमहा भरलेली वर्गणीही धरली गेली होती. मग रीतसर तपासणी झाली. खरा लाभ निघाला दरसाल ९.१ टक्के. त्याच दहा वर्षांत तिथल्या बाजाराचा सर्वसाधारण निर्देशांक दरसाल १४.९ टक्के वाढला होता. काहीही न निवडता सगळ्या मोठ्या कंपन्यांत सारखे पैसे टाकले असते, तर या बायकांना जास्त मिळाले असते. आकडे संगणकात भरताना चूक झाली असं त्यांच्या खजिनदारांचं म्हणणं होतं. फसवायचा हेतू असावा असं आम्हाला वाटत नाही. हीच चूक आपल्या गटांच्या वहीतही सहज होऊ शकते.

करून बघा. समजा, बारा जणींचा गट आहे, खात्यात २०,००० रुपये आहेत. प्रत्येकी महिना २०० रुपये. वर्षाअखेर खात्यात ५०,००० झाले. कुणी उत्साहाने म्हणेल, वीसाचे पन्नास झाले, दीडशे टक्के वाढ! पण वर्षाची वर्गणीच २८,८०० आहे. म्हणजे पैशाने पैसा कमावला तो १,२०० रुपये. बाकी सगळं बायकांनी पोटाला चिमटा काढून भरलेलं. मेळाव्यात, अहवालात, देणगीदारांपुढे आपण कोणता आकडा सांगतो?

बीअर्ड्सटाउनच्या बायकांची त्यानंतर बरीच टिंगल झाली. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच केली. त्यांनी पैसे बुडवले नव्हते, वर्षाला नऊ टक्के मिळवले होते, हे सांगायला फारसं कुणी थांबलं नाही. बाजाराहून कमी कमावणारे पुरुष व्यवस्थापक तर पैशाला पासरी मिळतात. बार्बर आणि ओडीन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ३५ हजारांहून अधिक घरांच्या खात्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदीविक्री करत होते. या उठाठेवीपायी पुरुषांच्या लाभातून वर्षाला २.६५ टक्के गळत होते, बायकांच्या लाभातून १.७२. यावरून बायका जात्याच शहाण्या असा अर्थ काढायला मी तयार नाही. गळती दोघांच्याही हिशोबात होती.

मग पहिली येणारी निदान जास्त हुशार म्हणायची की नाही? इंग्लंडमधल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने २०१२ मध्ये अशीच वर्षाची स्पर्धा घेतली होती. एका बाजूला गुंतवणुकीच्या धंद्यातले तिघे तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला एका शाळेतले विद्यार्थी, आणि तिसरं ऑर्लँडो नावाचं मांजर. प्रत्येकाला ५,००० पौंड, पाच कंपन्या, दर तीन महिन्यांनी बदलायची मुभा. मांजर आपला खेळण्यातला उंदीर आकडे लिहिलेल्या चौकटींवर टाकायचं. ज्या आकड्यावर उंदीर पडेल ती कंपनी. सप्टेंबरअखेर तज्ज्ञ पुढे होते. तिथेच स्पर्धा संपली असती तर ज्ञानाचा विजय म्हणून लेख आले असते. पण डिसेंबरअखेर मांजराकडे ५,५४२ पौंड झाले, तज्ज्ञांकडे ५,१७६, आणि विद्यार्थ्यांचे १६० पौंड गेले. मांजराला काही कळत होतं असं कुणी म्हणणार नाही. चौदा जणींनी चिठ्ठ्या टाकून कंपन्या निवडल्या तरी पाडव्याला एक कुणीतरी पहिली येणारच.

याहून मोठी अडचण खेळाच्या नियमातच आहे. इथे शेवटून पहिली आली तरी घरचं काही जात नाही, बक्षीस मात्र फक्त पहिलीला. मग जिंकायचं तर मध्यम, सावकाश चालणारी कंपनी घेऊन उपयोग नाही. एकदम उसळेल नाहीतर एकदम आपटेल अशीच घ्यावी लागते. पाच तशा घेतल्या, त्या उसळल्या, साडी मिळाली. खेळ म्हणून ते योग्यच खेळली ती. पण गटाचे खरे पैसे ठेवण्यासाठी सगळ्यांत वाईट यादी कुणाची असण्याचा संभव असेल, तर तिचीच. शिवाय कागदावर दलाली लागत नाही आणि करही लागत नाही. खऱ्या व्यवहारात जुलै २०२४ पासून शेअर वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर आहे. आणि वहीतले लाखाचे साठ हजार झाले म्हणून कुणाची झोप उडत नाही. गटातले चाळीस हजार हे कुणाच्या बाळंतपणाचे, कुणाच्या मुलीच्या फीचे, कुणी मारहाण असह्य होऊन रात्री घर सोडलं तर तिच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे आहेत. ते त्या दिवशी हातात असले पाहिजेत.

तेव्हा खेळात थोडे बदल सुचवतो. चौदा जणींच्या जोडीला आणखी तीन भिडू घ्या. पंधरावा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स. त्याचेही पाडव्याला लाख धरा. सोळावी पोस्टातली एक वर्षाची ठेव. सतरावी गटातल्या कुणाची तरी लहान मुलगी, जिने डोळे मिटून पाच चिठ्ठ्या उचलायच्या. वर्षअखेर या तिघांच्या पुढे कितीजणी आहेत ते बघा. भाव वर्तमानपत्रातून उतरवा. पैसे लावून खेळायच्या शेअरखेळांच्या ॲपवर जाऊ नका. सेबीने मे २०२४ मध्ये अशा खेळांना बाजाराचे चालू भाव पुरवायला मनाई केली ती उगाच नव्हे.

वहीत प्रत्येक कंपनीपुढे ती का घेतली ते दोन ओळींत लिहा, आणि तेही भाव बघायच्या आधी. ‘दीर म्हणाले’ हे कारण असेल तर तसंच लिहा.

आणि साडी पहिलीला द्यायचीच असेल तर द्या, पण दुसरं एक बक्षीस ठेवा. जी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचून सगळ्यांत चांगला समजावून सांगेल तिला. हे काम आपल्याला फार जवळचं आहे. बाजारातल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम किती आणि कंत्राटी किती, त्यात बायका किती, स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा मधला पगार किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे सगळं मांडलेलं असतं. तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, ते आपल्या कार्यकर्त्यांना शेअर दलालापेक्षा जास्त कळतं. हजारो बाया कामाला आणि तक्रार एकही नाही, तर तिथली समिती कागदावर आहे की काय हे विचारलं पाहिजे. संचालक मंडळावर एकतरी बाई हवी हा नियम २०१३ च्या कंपनी कायद्याने आणला. ती बाई मालकाच्या घरातली आहे की बाहेरची, तेही बघा. एक शेअर असलेल्या बाईलासुद्धा वार्षिक सभेला जाऊन प्रश्न विचारता येतो. कुणी स्वतःच्या बचतीतून, झेपेल तेवढ्यात, एखादा खरा शेअर घेतलाच तर त्या हक्कासाठी घ्यावा. खातं तिच्या नावावर आणि मोबाइल नंबरही तिचाच.

ज्या गटांना हा खेळ खेळावासा वाटेल त्यांनी आम्हाला कळवावं. वर्ष संपलं की वह्यांतली पानं पाठवा, वाचता येतील तेवढी छापू. नावं नकोत म्हणालात तर नावं घालणार नाही. जिच्या लाखाचे सत्तर हजार झाले तिचं पान आधी पाठवा.