एसएसएलचे साडेतीन हजार देण्याआधी हे वाचा

गेल्या बॅचमधल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, वेबसाइटवाला एसएसएल सर्टिफिकेटचे वर्षाला साडेतीन हजार मागतोय. देऊ का?"

माझं मत सरळ आहे. सर्टिफिकेटसाठी देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून ते फुकट देते आणि ग्राहकाची माहिती विकतच्या सर्टिफिकेटने जेवढी सुरक्षित जाते, तेवढीच याने जाते. मोठ्या कंपनीला कागदपत्रं तपासून दिलेलं सर्टिफिकेट लागू शकतं. मसाले, साड्या, गिफ्ट बॉक्स विकणाऱ्याला नाही. त्या माणसाच्या मेहनतीचे पैसे जरूर द्या, पण बिलावर 'मेंटेनन्स' लिहून घ्या आणि त्यात काय काय येतं ते विचारा.

हे मी ठेच लागून शिकलोय. दोन वर्षांपूर्वी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, तुमची साइट हॅक झालीय का? लाल स्क्रीन येतीय." हॅक वगैरे काही नव्हतं. सर्टिफिकेटची मुदत संपली होती. बसवणारा गावी गेलेला, फोन बंद. होस्टिंगचं लॉगिन त्याच्याकडे, डोमेन त्याच्याच मेलवर. अडीच दिवस वेबसाइटवरून एकही ऑर्डर नाही, तीही दिवाळीत! तो परत आल्यावर काम झालं दहा मिनिटांत. त्याच्यावर चिडलो खरा, पण दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात मीच ठेवली होती ना.

आणि आता हे प्रकरण जास्त वेळा येणार आहे. पूर्वी सर्टिफिकेट 398 दिवस चालायचं. 15 मार्च 2026 पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47. म्हणजे वर्षातून एकदा येऊन हाताने बसवून जाणारा माणूस पुरणारच नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये ऑटो-रिन्यूअल चालू आहे का, हे आजच बघा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि साधारण महिना उरला की नवीन येतं. वीसच दिवस उरलेत आणि तारीख बदलली नाही, तर कुठंतरी अडलंय असं समजा. मुदत संपत आल्याचा मेल ते पूर्वी पाठवायचे, 2025 च्या जूनपासून तोही बंद झालाय.

त्या दिवाळीनंतर मी दुकानातली बाकीची यंत्रंही तपासली. नेटवर्कच्या प्रिंटरवर एसएनएमपी चालू सापडलं. टोनर किती उरला, कुठला पोर्ट बंद पडला, हे यंत्राने दुरून कळवायची ही पद्धत. तीन-चार शाखा असतील तर फार कामाची. पण तिच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे व्ही-1 आणि व्ही-2सी मध्ये, पासवर्डच्या जागी एक शब्द असतो. तो बऱ्याच यंत्रांवर कंपनीतूनच 'पब्लिक' असा येतो आणि नेटवर्कवरून उघडाच फिरतो. सेटिंग बदलायची परवानगी देणारा शब्द कुठला? 'प्रायव्हेट'! हसू नका, तुमच्याकडेही तेच असेल.

एकच दुकान असेल तर एसएनएमपी सरळ बंद करा. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकला की नेटवर्क सेटिंगमध्ये सापडतं. खरंच लागत असेल तर व्ही-3 घ्या, त्यात युजरनेम, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन तिन्ही लावता येतं. राउटरवर 161 नंबरचा यूडीपी पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा नाही ना, हेही टेक्निशियनला समोर बसवून दाखवायला सांगा.

आज दुकान बंद करायच्या आधी डोमेन कोणाच्या मेलवर आहे ते बघा आणि स्वतःच्या मेलवर घ्या. मग ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेटची तारीख काढा. माझी गल्ल्यामागच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिलेली आहे, गॅसच्या नंबराच्या शेजारी.